वक्ता क्रमांक सतरा

नाव टेक्ला बोइचुक. वय शहाऐंशी.
सास्काचेवानच्या उत्तरेला आमचं गाव,
तुमच्या नकाशात असेल तर असेल.
तीन मिनिटं दिलीत, पुरेत.
हिवाळ्यात आमच्याकडे कुणी त्याहून जास्त बोलत नाही,
तोंडातली वाफ वाया जाते.

कंपनीचे वकील आत्ता म्हणाले,
जादा पैसे भरणाऱ्याचं इंटरनेट जरा आधी पोचवलं
तर बाकीच्यांचं काय अडतं?
नियम कशाला, आमच्या सचोटीवर विसंबा.
गृहस्थ चांगले दिसतात.
मीही चांगली होते. दर रविवारी मेणबत्ती लावायचे.

एकोणिसाव्या वर्षी गावाचं टेलिफोन एक्स्चेंज माझ्या हाती आलं.
भिंतीएवढा बोर्ड, एकशे बारा भोकं, मांडीवर वायरींचा गुंता.
कुणाची गाय अडलेली, कुणाचं पोर तापलेलं,
ज्याचा दिवा आधी लागेल त्याला आधी जोडायचं.
सुपरवायझरीण म्हणायची, पोरी, दिव्याला गोत नसतं.

शवपेट्या करणारे गावात दोघं.
एक मॅकलाउड,
दुसरा स्टेपान, माझ्या बहिणीचा नवरा.
त्या साली त्याच्या घरी तिसरं मूल
आणि फळ्यांचे पैसे थकलेले.

जानेवारीतली पहाट. श्मिटबाईंचा दिवा लागला.
नवरा गेला होता. म्हणाल्या, मॅकलाउडना जोड.
वायर माझ्या हातात होती. भोक रिकामं होतं.
मी म्हटलं, लाइन बिझी आहे,
स्टेपानला लावून देऊ?

एवढंच.
दुसऱ्या खेपेला जीभ अडखळली नाही.
मॅकलाउडनं दुकान विकलं तेव्हा गाव म्हणालं,
त्याचा धंद्यात जीवच नव्हता.
जाताना त्यानं माझ्यासमोर टोपी काढली,
इतकी वर्षं फोन जोडून दिलेस, म्हणाला.

हे मी आजवर पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

तुमचं यंत्र खोटं बोलतं असं माझं म्हणणं नाही, वकीलसाहेब.
यंत्राला गोत नसेलही. कंपनीला असेल.
भोक रिकामं आहे हे तिला दिसणार,
पलीकडच्या बाईला दिसणार नाही.
मला तेवढं पुरलं होतं.
तेव्हा माणूस चांगला आहे का ते विचारत बसू नका,
कागदावर लिहा, आणि खाली शिक्षा लि...

घंटा झाली वाटतं.
बसते. काठी तेवढी द्या.
अठरा नंबर मागे उभा आहे,
त्याचा दिवा केव्हाचा लागलाय.