लोंबती कड

डावीकडे: दरवाजा, चावी, लहांगे.
उजवीकडे: दरवाजा, सेन्सर.
मधे बाण. नियम तेरावा.

कॅनडा कॉर्नरच्या लॅबमध्ये रात्री पावणेबाराला
मी तो चालवते. मशीन अडतं:
शिरोबिंदू पुसता येत नाही,
एक कड लोंबते आहे.

कुठली?
लहांगे ते आनंदवलीचा घाट.
तपशीलपत्रात ती नाहीच. मीच ओढलेली, मे महिन्यात,
गंगापूर धरणावरून परतल्यावर:
पाणी सोडायच्या आधी हा माणूस
सायकल दामटत खाली येतो,
धुणं धुणाऱ्यांवर खेकसतो,
‘उठा गं बायांनो, गंगा येतेय!’

सर म्हणतात, आधी कड पुसायची,
मग बिंदू आपोआप सुटतो.
सिद्धता दोन ओळींची.

दीड वाजला.
कड कडेवर घेऊन बसलेय.