तेल नको

बाटुमीच्या बंदरात बत्तीस वर्षं
जहाजांच्या इंजिनांना तेल पाजलेल्या गुरामला
पियानोचं दुखणंही त्याच जातीचं वाटलं.
समुद्राची ओल, बुरसलेली भिंत,
दाबली की खालीच बसणारी पट्टी.
त्यानं वरची फळी काढली
आणि लांब नळीच्या डब्यातून
सांध्यासांध्यात थेंब सोडले,
आजाऱ्याच्या तोंडात सोडावेत तसे, जपून.

पंधरा दिवस पियानो खरंच बोलला.
मग एकेक हातोडी वर जायची
आणि परत यायचं विसरायची.

मी आतली सगळी यंत्रणा उचलून
जेवणाच्या टेबलावर ठेवली.
खाली जुनं वर्तमानपत्र, कडेला संत्र्यांची टोपली.
पहिली पिन ढकलून काढली. हिरवी.
दुसरी. हिरवी.
"हा रंग तुम्ही ओळखता, गुराम.
पितळ आणि तेल फार दिवस एकत्र राहिले की."
तो काही बोलला नाही.
"आणि हे फेल्ट बघा, पिनेभोवतीचं, तांदळाएवढं.
यात तेल गेलं ते गेलं.
नंतर फक्त धूळ आत येते आणि तिथेच राहते."

"मग घालायचं काय?"

मी पेटी उघडली. दाखवण्यासारखं थोडंच होतं.
शिशाची पूड, लाकडावर लाकूड घासतं तिथे.
टेफ्लॉनची पांढरी पूड,
ब्रशच्या टोकावर दिसेल न दिसेल इतकी.
एका बाटलीत स्पिरिट आणि थोडं पाणी;
ते वंगण नव्हेच,
फेल्ट त्यानं भिजतं, आणि सुकताना
पिनेला हवी तेवढीच जागा सोडतं.
ग्रीसही आहे, पण ते पेडलच्या सळीला,
खाली, फेल्टपासून लांब.

"आणि तो फवाऱ्याचा डबा? गंजावरचा?"
"तो या खोलीतही नको.
उडतो एकीकडे, मुरतो भलतीकडे.
खुंट्यांच्या लाकडात पोचला
तर तारा सूर धरायच्या नाहीत,
मग मला बोलावू नका."

हे मी जरा जोरात बोलले.
गुराम खिडकीकडे बघत म्हणाला,
"त्सिउरी तर यात कधीच काही घालत नसे."
त्सिउरी रोज सकाळी चार तास शिकवायची.
चिकटायला पट्टीला वेळच नव्हता.
हे मात्र मी बोलले नाही.

अठ्ठ्याऐंशी हातोड्या. प्रत्येकीची पिन नवी,
कुठे वीस नंबरची, कुठे साडेवीस,
प्रत्येक फेल्ट कापून, नवं ओवून, घासून.
चार दिवसांचं काम, कदाचित पाच.
"मी मदत करू?"
"आधी हात धुऊन या."

तो साबण लावून तीनदा धुऊन आला
आणि शाळेतल्या पोरासारखे पंजे पुढे धरून उभा राहिला.
रेषांमधला काळा तेवढा निघाला नव्हता.
बत्तीस वर्षांचा, तो कसला निघतोय.

"चालेल," मी म्हणाले,
"पण चिमट्यानं धरा."