विसाचं दुकान

भुसावळला जामनेर रोडवर
'काहीही घ्या, २०' या पाटीवरचं शून्य
उन्हानं खाल्लंय.
कोकिळामावशी दर खेपेला विचारते,
दोनच ना रे?
पोऱ्या आता हसतही नाही.

फुटकी बिस्किटं, साबणाचा वास लागलेली शेवई,
तिखटाच्या पुड्यावर तीन दिवसांनी संपणारी तारीख.
ती म्हणते, तीन दिन गंज शेतस.

घरी आल्यावर ओतते सगळं पितळी डब्यांत,
कागद बंबात.
तिखटाला मग तारीख राहत नाही.
डब्याला असते, झाकणाखाली कोरलेली:
काकांचं नाव, गाव एदलाबाद, लग्नाचं साल.
तेवढी ती बोटानं वाचते.

कळण्याचं पीठ मात्र त्या दुकानातून नाही.
त्यासाठी गिरणीत नंबर लावते,
आणि गरम असतानाच
पोटाशी धरून आणते.