फोटो तोच ठेवा

पहिल्याच तासाला कलशेट्टी मॅडमनी
पडद्यावर एक चिमणी लावली.
गिरणीची.
"काय दिसतंय?"
मागच्या बाकावरून कुणीतरी चिवचिवलं.
मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
इथूनच सुरू होतो आपला विषय.

मग आम्ही सांगत सुटलो.
बंद मिल. संप. प्रदूषण. बेकारी.
मी म्हणाले, आजोबांचा भोंगा.
त्यांनी सगळं फळ्यावर लिहिलं
आणि सगळं पुसलं.
"हे तुम्ही घरून आणलंत. दिसतंय काय?"
विटा. आभाळ. धूर नाही.
"धूर नाही, हे दिसतं?"

वर्ग गप्प. पंखा तेवढा.

त्यांनी चित्राखाली कागदाची पट्टी धरली : विकणे आहे.
मग दुसरी : आमचा वारसा.
मग तिसरी : शुद्ध हवेचे शहर.
चिमणी जागची हलली नाही,
तरी तिन्ही वेळा वेगळी उभी राहिली.

संध्याकाळी साडेपाचला मी अशोक चौकात
नदाफभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात बसते.
तिथे अर्थ चौरस फुटावर विकतात.
वाढदिवस म्हणजे केशरी, कडेला फटाके.
ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा मोठा,
बाकीचे खाली, तिकिटाएवढे.
दहावीला बावन्न टक्के पडले
तरी पोराच्या डोक्यामागे सूर्य उगवायचा,
ही दुकानाची रीत.

मंगळवारी येलदींचा धाकटा आला.
हेल्मेट काढायचं विसरून आत उभा.
"हरीअण्णाचा करायचाय."
फेब्रुवारीत मीच केला होता.
काळा गॉगल, अंगठ्या, बोट आपल्याकडे रोखलेलं.
"फोटो तोच ठेवा. दुसरा न्हाईच बे त्याचा."

फाइलचं नाव : हरीअण्णा वाढदिवस फायनल दोन.
मी केक काढला. फटाके काढले.
केशरी ओतून दिला, मागे पांढरा आला.
'हार्दिक' खोडून 'भावपूर्ण' लिहिलं.
जुन्या फॉन्टमध्ये श्रद्धांजलीतला द्ध फुटतो,
तो हाताने जोडावा लागतो. जोडला.
"गॉगल?"
तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
"राहू दे. उन्हाचं आहे."

फेब्रुवारीत ते बोट 'या' म्हणत होतं.
आता काय म्हणत होतं
ते मला टाइप करता येईना.

नुसता काळा टाकू नको, नदाफभाई म्हणाले,
करडा छापतो. चारही रंग घाल,
तेव्हा कुठे काळा काळा होतो.

रात्री नानांना विचारलं.
नाना चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे टोचायचे,
मोर म्हणजे त्यांच्या लेखी
कुठे भोक आणि कुठे नाही, एवढंच.
त्यांनी पायावरची चादर उलटली.
लालावर हिरवा मोर होता,
तो हिरव्यावर लाल झाला.
"यातली खरी बाजू कुठली?"
"गिऱ्हाइकाला दाखवतो ती," म्हणाले, आणि झोपले.

परीक्षेत प्रश्न आला :
पांढरा रंग कशाचे प्रतीक आहे? गुण पाच.
मी शांतता लिहिलं. पाच गुण कुणाला नको असतात.

खाली थोडी जागा उरली होती. ती तशीच सोडली.

गुरुवारी अम्मा विड्यांची पाटी घेऊन
कारखान्याकडे निघाली होती, मी बरोबर.
चौकात ती थांबली.
अम्माला मराठी अक्षरं लागत नाहीत.
तेलुगूही, सही पुरतीच.
"हरी गेला?" ती म्हणाली.
"तुला कोणी सांगितलं?"
"रंग काढून घेतलाय की त्याचा."

पाटी तिने दुसऱ्या कमरेवर घेतली.
तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला,
वाऱ्याने फ्लेक्सचा कोपरा उचलला.
त्याच बांबूंना, त्याच तारेने
खाली जुनाच बांधलेला होता अजून.
वीतभर केशरी.
त्यावर 'हार्दि',
पुढचं झाकलेलं.