रात्र शांत गेली

पर्नूच्या खाडीवर बर्फ धरलाय.
टेबलावर सात अर्ज,
वृद्धाश्रमात रात्रपाळीची सेविका हवी म्हणून.
वाइके बाई म्हणाल्या,
"अर्जात सगळी देवमाणसंच असतात, आइवार.
बाहेर काय काय लिहितात तेही बघून घे."

बघितलं.
एकीचं सूप, एकीचं मांजर,
एक कुठल्याशा सभेत, हात वर केलेला.
घोषणेसाठी, की ओळखीचं कुणी दिसलं म्हणून,
फोटोवरून कळत नाही.
तरी पेन्सिलीने खूण केलीच.
सवय झाली की बोटाला लाज वाटत नाही.

मग मारिका कास्क. वय सव्वीस.
नऊ वर्षं मागे जायला
मला चार मिनिटं लागली.
सतराव्या वर्षी, पहाटे पावणेतीनला, तिने लिहिलेलं:
"मरा सगळे तिथले.
आजोबा चाळीस मिनिटं घंटा दाबत होते.
कोणी आलं नाही."
पुढे आमच्या आश्रमाचं नाव.
खाली तीन अंगठे
आणि, का कोण जाणे, एक हसरा चेहरा.

पूर्वी पोर चावडीवर ओरडायचं,
मग चावडी उठायची,
माणसं जेवायला जायची, विसरायची.
ही चावडी उठतच नाही.

तळघरात जुन्या नोंदवह्या आहेत.
त्या बघ, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.
तीच तारीख. कामावर: एक. रजेवर: दोन.
शेऱ्यात निळ्या शाईत, वळणदार अक्षरात:
रात्र शांत गेली.
खाली वाइके बाईंची सही.

मुलाखतीला ती ओले बूट दाराशी काढून आली,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
"रात्रपाळीच का?"
"माझी झोप सावध आहे," म्हणाली.
"जरा खुट्ट झालं की जाग येते."
मला माहीत होतं कधीपासून.
मला माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं.
मी खिडकीकडे बघत
पगाराचं बोललो, सुट्ट्यांचं बोललो.

तक्त्यात शेवटचा रकाना असतो, धोक्याचा.
कमी, मध्यम, जास्त.
बराच वेळ पेन हातात धरून बसलो,
मग लिहिलं: जास्त.
आणि कागदाला टाचणीने
वहीचं ते पान लावून दिलं.

वाइके बाईंनी दार लोटून घेतलंय.
आत अजून
काहीच आवाज नाही.