कोण लागता

मायनॉटचं हॉस्पिटल घरापासून एकशे अठरा मैल.
रात्रभर विजेवर शेकत ठेवलेलं पिकअपचं इंजिन
पहाटे चारला एकदाचं बोललं.
काचेवरचा बर्फ मी खरवडला.
आर्डिसने थर्मासात कॉफी भरली,
आणि स्वतः घोटभरही प्यायली नाही.

गावात दवाखाना आहे की.
चर्चच्या पलीकडे, चालत सात मिनिटं.
एकोणीस वर्षांपूर्वी ती तिथे गेली होती.
डॉक्टरने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं,
तिने माझं नाव सांगितलं.
त्याने चढवलेले हातमोजे उतरवले,
आधी एक, मग दुसरा,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला,
तुमच्यासारख्यांना या तपासणीची गरज नसते.
कोरे हातमोजे डब्यात पडल्याचा आवाज
तिने मला घरी येऊन करून दाखवला.
पोट धरून हसलो होतो आम्ही.
त्यानंतर ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही,
एक दाढ सोडली तर.

तीस वर्षं तिने धान्यकोठारावर
गव्हाचे ट्रक तोलले.
भरलेला आधी, रिकामा मग,
मधला फरक तो माल.
ऑक्टोबरात चादरीवर डाग दिसला तेव्हा म्हणाली,
गंज असेल,
जशी काही तीच लोखंडाची.

नर्सचं नाव मारिविक.
कुठल्याशा उबदार बेटावरून आलेली,
गणवेशाखाली दोन स्वेटर.
अर्ज पुढे ओढत तिने विचारलं,
तुम्ही यांच्या कोण लागता?

सत्तावीस वर्षांत या प्रश्नाला मी
भाडेकरू लागले, शेजारीण लागले,
बँकेत एकदा मावसबहीण लागले.
एरवी थंडी लागते तशी लागले तिला,
सवय लागते तशी,
तिचा डोळा लागेपर्यंत
अंधारात जागी राहण्याइतकी.
पण अर्जावरचा रकाना बोटभर.
बहीण, म्हणाले मी.

पडद्याआड आर्डिस बूट काढून काट्यावर उभी.
हा काटा कमी दाखवतो, तिचा आवाज आला.
मी सांगते ना, नऊ पौंडांनी कमी.

अर्ध्या तासाने मारिविक परत आली,
हातात तोच कागद.
बरं झालं तुम्ही बहीण आहात.
तुमच्या आईला कधी काही झालं होतं?

माझी आई बेचाळिसाव्या वर्षी गेली.
अंडाशयाचा कर्करोग.
खरं उत्तर जिभेच्या टोकावर तयार,
माझ्या आईचं मरण
आर्डिसच्या कागदावर उतरायला निघालेलं,
तिच्या रक्तात, जिथे ते कधीच नव्हतं.
तिची आई ब्याण्णव वर्षांची आहे,
वृद्धाश्रमात पैसे लावून पत्ते खेळते,
आणि अजून मला 'ती खालच्या खोलीतली' म्हणते.

थांबा, म्हणाले. ते खोडा.
आमचं रक्त एक नाही.
तेवढंच काय ते एक नाही.

मारिविकने लगेच पेन उचललं नाही.
बाहेर फरशी पुसायचं यंत्र घरघरत चाललं होतं.
मला वाटलं, आता ही भिंतीकडे बघेल.
मी तिच्या हातांवरून नजर हलवली नाही.
निळे हातमोजे. दोन्ही जागच्या जागी.
यंत्र लांब गेलं.
तिने एक रेघ मारली, वर काही लिहिलं,
मला उलटं वाचता आलं नाही.
मग दार पायाने अडवून धरत म्हणाली,
आत या ना. हात धरायला कुणीतरी लागतं.

रिपोर्टला दहा दिवस लागतील.

परतताना रस्ताभर सूर्यफुलांची वाळकी खुंटं
बर्फातून वर आलेली.
कॉफी गार झाली होती, ती तिने सगळी संपवली.
काटा चुकलेलाच होता, ती म्हणाली,
आणि पंधरा मैलांनी पुन्हा.
हो, म्हणाले मी, आणि गाडी चालवत राहिले.
भरलेला आधी, रिकामा मग.
मधल्या फरकाबद्दल
आम्ही दोघीही बोललो नाही.