एका वेळी एकच

पावणेतीनला हेल्काचं यंत्र पडलं.
पडलं म्हणजे आवाज नाही झाला,
उलट पंखे एकदम गप्प झाले
आणि त्या गप्प होण्यानंच मला जाग आली.

दारातून पाहिलं. निळा पडदा,
त्यावर दिलगिरीचं एक वाक्य,
आणि लोकरी मोजे घातलेली माझी मुलगी
वहीत लिहितेय:
पाच पॉइंट तीन. व्होल्ट एक पॉइंट बत्तीस. बेचाळीस मिनिटं.
"काल एकोणचाळीसच टिकलं होतं," ती म्हणाली,
तापातलं मूल थोडं जास्त झोपलं
असं सांगावं तसं.

मी दिवसा बर्फ मोजतो.
ओउलूच्या खाली समुद्र गोठला की
किनाऱ्यापासून बेटापर्यंत रस्ता निघतो,
आणि दर दोनशे मीटरवर मी गिरमिटानं भोक पाडतो,
पट्टी आत सोडतो, आकडा वाचतो.
आमच्याकडेही निळं दिसतं कधी.
त्यावर वाक्य नसतं.

ती समजावते: चिपवर लिहिलेला आकडा कंपनीचा,
पोटात तिच्या अजून असतंच थोडं.
किती, ते कुणी सांगत नाही.
एका घाण्यातल्या दोन चिपा
सख्ख्या बहिणींइतक्याही सारख्या नसतात.
व्होल्टेज वाढवावं तर सत्त्याण्णव अंशांवर जाऊन
स्वतःच पाय ओढते,
कमी करावं तर कोसळते.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एका रात्री तिनं खिडकी उघडली.
बाहेर उणे चोवीस.
सहा तास न पडता चाललं,
ती कोट घालून झोपली,
आणि हीटरचं बिल माझ्या नावावर आलं.
सकाळी वहीत एकच ओळ:
हे यश खिडकीचं. धरू नये.

घोडं पेंड कुठं खातंय ते कळेना.
मी विचारलं, मंगळवारी काय काय बदललंस?
घड्याळ, व्होल्टेज, आणि हो, मेमरीचा वेगही.
मग मी, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही,
तिला माझं सगळं ज्ञान देऊन टाकलं:
भोक हलवलंस, गिरमिट बदललंस, पट्टीही नवी आणलीस,
तर आकडा बर्फाचा की कशाचा?

तिनं मेमरी मूळ जागी नेली.
बेचाळीस मिनिटांचे पाच तास झाले.
मग पडलं.
पण या वेळी तिला दिसलं ते असं:
भर ओझ्याखाली पडत नाही.
चाचणी संपते, भार उतरतो,
सुटकेचा श्वास घेताना पडतं.

मी काही बोललो नाही.
यॉर्माचा ट्रक आठवला,
आख्खा समुद्र ओलांडून आलेला,
किनाऱ्याला चाळीस मीटर उरले असताना
त्याच्याच पुढं धावणारी पाण्यातली लाट
किनाऱ्याला आपटून परत फिरली.
यॉर्मा पोहत आला. ट्रक मे महिन्यात निघाला.
तेव्हापासून तिथं पाटी आहे: सावकाश.

शेवटी पाच पॉइंट दोन.
चोवीस तास चालवलं, पडलं नाही.
मी कॉफी केली, दालचिनीचे पाव आणले.
ती म्हणाली, "याचा अर्थ एवढाच
की चोवीस तास पडलं नाही."
तरी दोन पाव खाल्ले.

मार्चमध्ये मी एकोणचाळीस सेंटिमीटर वाचले
आणि रस्त्याला आडवी काठी लावली.
एक बाई गाडीतून उतरून भांडली,
काल तर मी इथूनच गेले होते म्हणाली.
खरंच गेली होती.

जूनमध्ये, रात्रीच्या अकराच्या उन्हात,
खोलीत सव्वीस अंश असताना
पंखे पुन्हा गप्प झाले.
हेल्कानं वही काढली, नवं पान उलटलं,
वर आधी खोलीचं तापमान लिहिलं.
हिवाळाभर हा रकानाच नव्हता.
खिडकीतून समुद्र दिसत होता,
माझ्या रस्त्यावरून फेरीबोट चालली होती.